झाकलेला आकडा

विश्वाचा शेवट कसा होणार, या प्रश्नाच्या उत्तराची अर्धी बाजू अकरा वर्षं माझ्या कपाटात होती. खालून दुसरा खण, जुन्या वार्षिक अहवालांच्या मागे, एक खाकी पाकीट. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायची.

मी शास्त्रज्ञ नाही. मी हेमलता बोंगाळे, कासारपठारावरच्या खगोलसंस्थेची ग्रंथपाल. गडहिंग्लजहून बी.लिब. करून आले आणि बावीस वर्षं इथेच राहिले. आता मान खाली घालून जे सांगायचं आहे ते मी सगळ्या संस्थेपुढे एकदा सांगितलेलं आहे. पण तेव्हा निम्मं राहून गेलं होतं.

आधी यंत्राविषयी सांगते, म्हणजे माझा गुन्हा केवढा ते कळेल.

दूरच्या आकाशगंगेचा प्रकाश आपल्याकडे यायला निघतो, तेव्हा वाटेत अवकाशच ताणलं जात असतं. त्याबरोबर प्रकाशही ताणला जातो आणि तांबूस होतो. किती तांबूस झाला यावरून विश्व किती ताणलं गेलं ते कळतं, हे तर शंभर वर्षांहून जुनं ज्ञान. आमचं यंत्र वेगळं काम करत होतं. तीच आकाशगंगा वर्षानुवर्षं पाहत राहायची आणि तिच्या तांबूसपणात फरक पडतो का ते मोजायचं. हा फरक इतका बारीक असतो, की अकरा वर्षांत वेग बदलतो तो मुंगीच्या चालीएवढा. तो पकडायला लडाखात मोठे आरसे बसवले होते, आणि त्यांच्या जोडीला अब्जावधी वर्षांत सेकंदाचीही चूक न करणारं घड्याळ होतं. आरसे लडाखात आणि हिशेब करणारी डोकी आमच्या पठारावर, अशी वाटणी होती.

विश्वाला ताणणारी जी काही शक्ती आहे तिला कृष्ण ऊर्जा म्हणतात. तिच्या स्वभावावर शेवट ठरणार. साबडे सरांनी मला हे समजावलं तेव्हा मी तीन शेवटांना तीन घरगुती नावं दिली आणि पुढे संस्थेत तीच रूढ झाली: थिजणं, फाटणं आणि मिटणं. कृष्ण ऊर्जा आहे तशीच राहिली, तर विश्व कायम पसरत राहील. शेजारच्या आकाशगंगा नजरेआड होतील, शंभर लाख कोटी वर्षांत शेवटचे तारे विझतील, पुढे कृष्णविवरंही हळूहळू विरून जातील आणि सगळीकडे सारखाच गारठा उरेल. हे थिजणं. ती वाढत गेली, तर आधी आकाशगंगा, मग ग्रह-तारे आणि शेवटी अणूसुद्धा उसवतील. हे फाटणं. आणि ती ओसरत जाऊन उलटली, तर पसरणं थांबेल, सगळं परत फिरेल, जवळ येईल, तापेल आणि जिथून निघालं तिथे गोळा होईल. हे मिटणं.

साबडे सर मिटण्याच्या बाजूचे. डॉ. दिगंबर साबडे, या संस्थेचे संस्थापक. तीस वर्षं जगाने त्यांची चेष्टा केली. पुण्याच्या एका परिषदेत कुणीतरी म्हणालं होतं, साबड्यांना विश्वसुद्धा संध्याकाळी घरी परत यायला हवंय. सर स्वतः हसून हा किस्सा सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

आणि म्हणूनच त्यांनी झाकलेल्या आकड्याचा नियम केला. माणसाला हवं ते उत्तर आलं की तो चुका शोधायचं थांबवतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या पोराची उत्तरपत्रिका आपण तपासू नये, तसंच हे. म्हणून पहिल्याच दिवशी संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखा एक आकडा निवडला, सगळ्या मोजमापांत तो मिसळला आणि एका कागदावर छापून पाकिटात बंद केला. कुणीही तो पाहिला नाही. पुढची अकरा वर्षं सगळे या झाकलेल्या मोजमापांवरच काम करत होते. वाचनालयाबाहेरच्या फलकावर झाकलेलं उत्तर उघडपणे लिहिलेलं असायचं. शेवटी ते एकतीसवर आलं होतं. त्यातून पाकिटातला आकडा वजा केला की खरं उत्तर मिळणार. शून्याच्या आसपास आलं तर थिजणं, त्याच्या बरंच खाली गेलं तर फाटणं, बरंच वर राहिलं तर मिटणं.

पाकीट ठेवायचं कुणाकडे, यावर मोठी बैठक झाली होती. दिल्लीच्या समितीचं म्हणणं, आकड्याचे दोन भाग करा, दोन पाकिटं दोन ठिकाणी ठेवा. सर म्हणाले, "एकच पाकीट. ते बोंगाळेबाईंकडे राहील." कारण विचारलं तर म्हणाले, "मी या संस्थेचा संचालक असताना या बाईने मला संदर्भग्रंथ घरी नेऊ दिला नव्हता."

ते खरं होतं. मी दारात उभी राहून म्हटलं होतं, "संदर्भग्रंथ बाहेर जात नाही, सर." त्या एका वाक्याच्या भरवशावर त्यांनी विश्व माझ्या ताब्यात दिलं.

अकरावं वर्ष संपत आलं तेव्हा सर एक्याऐंशीचे होते आणि त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली होती. कराडच्या डॉक्टरांनी नलिनीकाकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, बाजूला घेऊन सांगितलं की आता डायलिसिस शरीराला सोसत नाही, काही आठवडे धरून चला. पाकीट उघडायचा दिवस सात आठवड्यांवर होता.

मी दर गुरुवारी त्यांच्याकडे नवी नियतकालिकं घेऊन जायची. त्या गुरुवारी त्यांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हेमलता, मी चुकीचा असलो तरी चालेल गं. पण कळायला हवं होतं."

दुसऱ्या शनिवारी संस्थेला सुट्टी होती. मी दुपारी वाचनालय उघडलं. चिकटलेली जुनी पानं सोडवण्यात माझा हात बसलेला आहे. ओला टीपकागद वर ठेवायचा, खळ मऊ होईपर्यंत थांबायचं आणि हाडाची पट्टी कडेने सरकवायची. पान फाटत नाही आणि मागे खूणही राहत नाही. बावीस वर्षं पुस्तकं वाचवण्यासाठी जे शिकले ते त्या दिवशी चोरीसाठी वापरलं. वीस मिनिटं लागली.

माझा बेत साधा होता. आकडा वीसच्या आत असेल, उत्तर मिटणं येईल, मी सरांच्या कानात सांगेन आणि ते समाधानाने जातील. उत्तर दुसरं काही असेल हा विचारच मी केला नव्हता. मला हवं तेच उत्तर मी धरून चालले होते, आणि नेमक्या याच रोगावरचं औषध माझ्या हातात होतं.

कागदावर एकोणतीस होते.

एकतीस वजा एकोणतीस, दोन. मोजण्यात तीनपर्यंतची चूक धरलेलीच असते, तेव्हा दोन म्हणजे शून्यच. थिजणं. सर चुकले होते.

मी पाकीट होतं तसं चिकटवलं, इस्त्री केलेल्या कापडाखाली दाबून ठेवलं आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मी उघडली होती आणि आता मिटता येत नव्हती. गप्प बसायचा रस्ता होता. तो मी घेतला नाही.

रविवारी सकाळी सरांकडे गेले. काकू देवपूजेत होत्या. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हटलं, "सर, मी पाकीट पाहिलं."

ते माझ्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"अकरा."

"वीस," ते लगेच म्हणाले. शरीर थकलं होतं, वजाबाकी थकली नव्हती. "वीस राहतात." त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळलं. मी ते पदराने पुसलं. मला चांगलं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

माझा अंदाज एकाच बाबतीत चुकला. सर गेले नाहीत.

पुढच्या गुरुवारी काकूंनी दारातच माझा हात धरला. "तू काय सांगितलंस गं यांना? काल दोन वाट्या भात जेवले. मागून घेतला." डॉक्टरांनी पुन्हा डायलिसिस लावून पाहिलं आणि ते सोसलं. तिसऱ्या आठवड्यात सर खुर्चीत बसून टपाल पाहायला लागले. काकू मला येता-जाता खाऊ घालायच्या. मी समोर येईल ते गिळायची आणि मान वर करायची नाही.

पाकीट उघडायच्या सोहळ्याला नऊ दिवस उरले असताना आमच्या संचालक, डॉ. फरीदा मुलाणी, वाचनालयात आल्या. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, पाचगणीच्या. हातात एक पत्र होतं.

"हेमलताताई, तुम्ही सरांकडे जाता ना? त्यांच्या डोक्यात काय चाललंय काही कळतं का तुम्हाला?"

"का, मॅडम?"

"सातव्या हिवाळ्याचं." त्यांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं.

सातव्या हिवाळ्यात लडाखच्या घड्याळाची शीतयंत्रणा एकोणीस दिवस बिघडली होती. त्या वेळची मोजमापं धरली तर फलकावरचा आकडा वर जायचा, सोडली तर खाली यायचा. वर म्हणजे मिटण्याच्या दिशेने. तात्पुरती ती धरलेली होती, शेवटचं मत सरांनी द्यायचं होतं. आणि सर, मिटण्याचे एवढे कैवारी, गेली दोन वर्षं सांगत होते की ती काढून टाका, घड्याळ आजारी होतं, आजाऱ्याची साक्ष घेऊ नये. पत्रात त्यांच्या थरथरत्या अक्षरात एकच ओळ होती. सातवा हिवाळा ठेवावा.

"कारण नाही दिलेलं," मॅडम म्हणाल्या. "सर कारण दिल्याशिवाय दुपारच्या चहालाही नाही म्हणत नाहीत. त्यांचा शब्द मी मोडणार नाही, ठेवते. पण मला हे उमगत नाही."

त्या गेल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर मी स्वतःला समजावत होते, की मी हिशेब करणाऱ्यांपैकी नाही, माझ्या पाहण्याने कुठला आकडा हलला? आता तो हलला होता. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या इच्छेवर पहारा ठेवला, त्याला मी एका खोट्या शब्दाने त्या पहाऱ्यावरून उठवलं होतं.

त्याच दुपारी मी सरांकडे गेले. आधी मॅडमकडे जायला हवं होतं. पण मला वाटलं, सर आधी माफ करतील, मग पुढचं सोपं जाईल. एवढीही लबाडी सुटली नव्हती माझी.

सर खिडकीशी बसले होते. मी बसले नाही. "सर, पाकिटात अकरा नव्हतं."

मला रडू आवरेना. मी उभी राहूनच रडले.

मग मी म्हटलं, "पाकिटात होतं ते..."

"सांगू नकोस." त्यांनी हात वर केला. "आकडा सांगू नकोस."

आतून काकूंच्या कुकरची शिट्टी झाली.

"सर, चूक माझी आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"तुझी आहेच." आवाज चढला नाही. "पण त्या रविवारी तू म्हणालीस, पाकीट पाहिलं. नियम मी केलेला. त्या क्षणी मी विचारायला हवं होतं, का पाहिलंस. फरीदाला फोन लावायला हवा होता. मी काय विचारलं?"

मी पदर डोळ्यांना लावला.

"मी विचारलं, किती." त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. "आणि मग ते पत्र लिहिलं. लिहिताना मला कारण सुचेना, हेमलता. वाटलं, म्हातारपणामुळे सुचत नसेल. फोन दे इकडे."

फोन त्यांनी स्वतः केला. म्हणाले, "फरीदा, पाकीट फुटलंय. बोंगाळेबाईंनी फोडलं आणि मी ऐकलं. माझं पत्र फाडून टाक."

दुसऱ्या दिवशी मोठ्या सभागृहात सगळे जमले. समोर त्रेसष्ट माणसं, आणि पडद्यावर लडाखचे आणि परदेशातले. अकरा वर्षं, कुणाची लग्नं, कुणाची बाळंतपणं या कामात गेलेली. मी उभी राहून सांगितलं. चेन्नईहून आलेल्या एका गणितज्ञाने विचारलं, "आकडा कुणाला सांगितला का?"

"सांगितला," मी म्हटलं. "खोटा सांगितला."

मागे कुणीतरी हसलं. ते हसणं वाईट नव्हतं, नुसतं सुटलं होतं. मला मात्र कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

नियमाप्रमाणे तो आकडा बाद झाला. संगणकाने मोजमापांत नवा आकडा मिसळला, नवं पाकीट तयार झालं आणि साऱ्या तपासण्या पहिल्यापासून सुरू झाल्या. त्याला चौदा महिने लागणार होते. सरांकडे तेवढे नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. नवं पाकीट पायथ्याच्या गावच्या पोस्टमास्तरांकडे दिलं. ते मला एकदा एसटी स्टँडवर भेटले आणि म्हणाले, "बाई, आमच्या तिजोरीत काय म्हनं जगाचा शेवट ठेवलाय. मला तर हात लावाया बी भ्या वाटतं." मी म्हटलं, "भीती वाटते तेच चांगलं."

मला नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर निदान घरी तोंड लपवता आलं असतं. मी चहाच्या टेबलाशी गेले की बोलणं हवापाण्यावर वळायचं. फलक माझ्या दारासमोरून काढून दुसऱ्या मजल्यावर लावला, कारण जुनं उत्तर माहीत असलेली बाई नव्या आकड्यापुढे थबकली तरी कुणी तिच्या चेहऱ्यावरून काही वाचेल. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. मी चेहरा कोरा ठेवायला शिकले.

गुरुवार मी चुकवले नाहीत. सर आकड्याविषयी एका शब्दाने बोलले नाहीत, मीही नाही. मी वाचून दाखवायची, ते ऐकायचे. मला वाटायचं, यांना अजून आशा आहे. आपण बोललो नाही म्हणून निदान आशा तरी शिल्लक आहे. पाचव्या महिन्यात ते झोपेतच गेले.

चौदा महिन्यांनी पोस्टमास्तर इस्त्रीचा सदरा घालून पाकीट घेऊन वर आले. मी सभागृहात गेले नाही, वाचनालयात पुस्तकं लावत बसले. सातवा हिवाळा वगळलेला होता, मॅडमनी त्याची कारणं चार पानं भरून लिहिली होती. टाळ्या ऐकू आल्या, पण फार वेळ नाही. मग मॅडम स्वतः खाली आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"उणे एक," त्या म्हणाल्या. "थिजणं." मग म्हणाल्या, "काकूंना तुम्ही सांगा. मी जाणार होते, पण तुम्ही सांगा."

काकू स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला. "उघडलं का गं पाकीट?"

"उघडलं, काकू."

"मग? यांचं बरोबर होतं?"

एकदा या घरात मी याच प्रश्नाचं गोड उत्तर दिलं होतं. काकूंना फलक, आकडा, कशाशीच कर्तव्य नव्हतं. हो म्हटलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? जीभ खरंच वळली होती.

"नाही," मी म्हटलं. "सर चुकले होते."

काकूंनी काड्या बाजूला केल्या. "मग बरोबरच सांगितलं त्यांनी."

"कोणी?"

"यांनीच. तू रडून गेलीस ना त्या दिवशी, त्या संध्याकाळी म्हणाले, नलू, मी चुकलोय. मी म्हटलं, तिने आकडा सांगितला का? म्हणाले, नाही, मी सांगू दिला नाही. पण चांगला असता तर तिला खोटं कशाला बोलावं लागलं असतं?"

मला पाट दिसेना. चौदा महिने मी जी गोष्ट जिवापाड सांभाळली होती, ती मी त्यांच्यापुढे उभी राहून रडले त्याच घटकेला सांडली होती. आणि ते पाच महिने दर गुरुवारी माझ्यासमोर बसले होते. कुणाला कळू दिलं नाही. मलासुद्धा नाही.

"फरीदाला सांगू का, म्हणून मी पुढे एकदा विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, नवं पाकीट अजून झाकलेलं आहे."

त्या उठल्या, ताट घेतलं आणि भात वाढला. मी नको म्हटलं नाही. पहिली वाटी संपली तसा त्यांनी न विचारता आणखी वाढला. मी दोन्ही वाट्या जेवले, ताट घासलं आणि पालथं घातलं.